आजोळची वाट खंडव्यावरून

यंदा मंडळाच्या गणपतीला धाकटी बहीण नाशिकहून यायची म्हणते. तिचे बाळ आठ महिन्यांचे आणि मोठा मुलगा चार वर्षांचा. गेला महिनाभर फोनवर रोज रात्री एकच विषय चालू आहे, यायचे कसे? रात्रीची खाजगी बस की स्वतःची गाडी, की रेल्वेने खंडव्यापर्यंत येऊन पुढे बसने? प्रत्येक पर्यायात बाळाचे दूध, झोप आणि दुपटी आडवी येतात. ही चर्चा ऐकता ऐकता आईने एकदा कपाटातून जुनी हिशेबाची वही काढली आणि १९८९ च्या मे महिन्याचे एक पान माझ्यापुढे ठेवले. त्या साली बहीण सात महिन्यांची होती. आई आम्हा तिघांना घेऊन नाशिकला माहेरी निघाली होती, म्हणजे आजचाच प्रवास उलट दिशेने.

पानावर लिहिले होते: दुपटी बारा, कुंची, मेणकापड, बोंडले, सहाण व गुटीचा डबा, ग्राइप वॉटर, झोळीसाठी आजीचे जुने नऊवारी, दशम्या, गूळपापडी, भाजलेल्या तांदूळ-मूगडाळीची भरड, छागल, फिरकीचा तांब्या, ट्रंकेसाठी साखळी-कुलूप, नर्मदेसाठी सुटे पैसे. शेवटी एक ओळ, "खंडव्याला रात्र."

ही यादी आमच्याच घरची नाही. इंदूर, महू, देवासच्या मराठी घरांत दोन-तीन पिढ्या थोड्याफार फरकाने हेच लिहिले गेले असेल. या यादीला इतिहास आहे आणि तो रेल्वेच्या रुळांच्या रुंदीशी बांधलेला आहे.

रेल्वे येण्यापूर्वी इंदूरहून नाशिकला जाणे म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याने बैलगाडीने किंवा शिगरामाने जाणे. महू, मानपूर, खलघाटाला नर्मदा, मग सेंधव्याचा घाट, शिरपूरच्या पुढे तापी, धुळे, मालेगाव आणि नाशिक. सुमारे चारशे किलोमीटर. दिवसाला आठ कोस धरले तरी पंधरा-सोळा मुक्काम आणि दोन मोठ्या नद्या. पावसाळ्यात हा विचारच नको. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या त्याचे पुण्य आपण सांगतो. तान्हे मूल मांडीवर असलेल्या बाईला पुढच्या मुक्कामी पाणी आणि छप्पर आहे हे माहीत असण्याचा अर्थ काय, ते त्या मुक्कामांचा हिशेब मांडला की कळते.

त्या काळी तान्ह्या मुलांचा प्रवास सुट्टीसाठी होतच नसे. बाळाचा पहिला प्रवास ठरलेला, आईचे पहिले बाळंतपण माहेरी झाल्यावर तीन-चार महिन्यांनी सासरी परतण्याचा. म्हणून माहेर किती मुक्कामांवर आहे याला महत्त्व होते. आमच्या घरच्या वंशावळीत जुन्या पिढ्यांच्या सुना धार, देवास, उज्जैनच्या आहेत. नाशिक-पुण्याच्या सुना दिसू लागतात त्या रेल्वे आल्यानंतर. सोयरीक जमवताना आमच्या पूर्वजांनी पत्रिकेबरोबर रेल्वेचे वेळापत्रकही पाहिले असावे, असे मी गमतीने म्हणतो, पण ते अगदीच खोटे नसावे.

मुंबईहून भुसावळ, खंडवा, जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंतचा लोहमार्ग १८७० साली पूर्ण झाला. इंदूर बाजूला राहिले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने, आणि त्यातून खंडवा-इंदूर ही होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे ही गोष्ट त्या काळी सर्रास घडणारी नव्हती. १८७६ साली मोरटक्क्याजवळचा नर्मदेचा पूल झाला आणि १८७८ पर्यंत इंदूर खंडव्याला जोडले गेले.

पण एक अडचण तेव्हाच रुळांत बसली. लॉर्ड मेयो यांच्या सरकारने १८७० च्या सुमारास काटकसर म्हणून नव्या मार्गांसाठी मीटरगेज ठरवले होते. मुंबईची मुख्य लाइन ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी. आमची मीटरगेज, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडी जास्त. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. त्यामुळे खंडव्याला माणसे, ट्रंका, वळकट्या, झोपलेली मुले, सगळे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणे आले. सरकारचे पैसे वाचले आणि त्याची भरपाई पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे आयांच्या कमरेने केली.

मी स्थापत्यातला डिप्लोमा केलेला माणूस, त्यामुळे पाताळपाणी-कालाकुंड घाटाबद्दल थोडे जास्त बोलतो. तिथला चढ चाळीसास एक आहे, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फार तीव्र चढ. इंदूरकडे येताना कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन जोडत. जाताना आपण उतरणीवर असू, तरी गाडी थांबत थांबत जाई. बोगदे आले की लहान मुले रडत आणि मोठी किंचाळत. कालाकुंडला गाडी चांगली थांबायची. गावाला धड रस्ता नव्हता, दूध भरपूर होते, म्हणून तिथे कलाकंद झाला आणि तो पानांच्या द्रोणात फलाटावर विकला जाई. आईच्या दृष्टीने कलाकंद दुय्यम होता. तिथे ताजे दूध मिळते ही तिची खरी माहिती. बोंडले तिथे धुऊन भरले जाई आणि खंडव्यापर्यंतची चिंता मिटे.

नर्मदेवर सगळ्यांना उठवत. झोपलेल्या बाळाचाही हात धरून त्याच्या मुठीतून नाणे सोडायचे. यादीतले "नर्मदेसाठी सुटे पैसे" ते हे. पुलाच्या लोखंडी तुळईवर आपटून नाणे डब्यात परत आले तर मुलांत भांडण.

आणि मग खंडवा. आमची गाडी संध्याकाळी पोचायची आणि नाशिककडची पुढची गाडी रात्री उशिरा यायची. बाबांना रजा नसे. ते खंडव्यापर्यंत सोबत येत, आम्हाला ब्रॉडगेजच्या गाडीत बसवून पहाटेच्या गाडीने परत इंदूरला. नाशिक रोडला मामा यायचे. मधला काळ फलाटावर. वळकटी उलगडायची, ट्रंक बाकाच्या पायाला साखळीने बांधायची, मेणकापडावर बाळ. मे महिन्यातल्या निमाडच्या उन्हाने तापलेली फरशी मध्यरात्रीपर्यंत निवत नसे. आई छागलीतले पाणी पदरावर ओतून तो ओला पदर बाळावर धरायची. शेजारच्या वळकटीवर दुसरे एखादे मराठी कुटुंब असायचेच. कोणाकडे दशम्या जास्त, कोणाकडे लोणचे. आमच्या ओळखीत एक सोयरीकही अशीच खंडव्याच्या फलाटावर निघाली. गाडी लागली की चढताना एकाने मुले मोजायची, एकाने डाग मोजायचे. डब्यात वरच्या दोन बर्थांच्या साखळ्यांना आजीचे नऊवारी बांधून झोळी होई. बहीण त्या झोळीत भुसावळ, मनमाड ओलांडून सरळ नाशिकला जागी होई. आम्हाला तिचा हेवा वाटे.

विदर्भाच्या माहेरवाशिणींचे नशीब जरा बरे होते. खंडवा-अकोला मार्गही मीटरगेज, त्यामुळे मीनाक्षी एक्सप्रेसने इंदूरहून न बदलता अकोला गाठता येई. धूळघाटाचे ते वळण, जिथे मार्ग स्वतःलाच ओलांडतो, मुलांना दाखवण्यासाठी त्यांनाही उठवले जाई म्हणे.

तिकिटाचा प्रश्न वेगळाच. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे. त्या साली मधला भाऊ पाच पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. आईने त्याला घरून पढवले होते, "कोणी विचारलं तर साडेचार सांग." तपासनीस आला, त्याने कौतुकाने वय विचारले. भाऊ म्हणाला, "घरी पाच, गाडीत साडेचार." तपासनीस हसला आणि पुढे गेला. पूर्ण वाढलेला माणूस मुलाचे सोंग घेऊन अर्ध्या तिकिटावर प्रवास करतो असा 'हाफ टिकट' हा चित्रपट १९६२ चा, आणि त्यातला किशोरकुमार खंडव्याचाच, हा योगायोग मला तेव्हापासून आवडतो. २०१६ पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या तिकिटात अख्ख्या बर्थवर पाय पसरण्याचे सुख गेले.

खंडवा-सनावद मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि महूकडचा उरलेला भाग २०२३ च्या सुरुवातीला. कारण योग्यच आहे, ब्रॉडगेज होणार. घाटातला चढ टाळण्यासाठी नवा मार्ग बोगद्यांतून लांबून नेत आहेत आणि कामाचा माणूस म्हणून मला ते पटते. पाताळपाणी ते कालाकुंड या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात हेरिटेज गाडी सुरू झाली. तिथे आता लोक मुलांना सहलीला नेतात. ज्या घाटातून आम्ही आजोळी जायचो, तो घाटच आता जाण्याचे ठिकाण झाला. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. तो झाला की जवळपास जुन्या आग्रा रस्त्यानेच नाशिकला जाता येईल आणि खंडवा वाटेत लागणारच नाही.

सध्या मात्र बहीण अडकली आहे. शेवटी ठरले ते असे: स्वतःच्या गाडीने यायचे, पहाटे निघायचे आणि दर दोन तासांनी थांबायचे. मेव्हण्यांनी मोबाइलवर थांबे काढून पाठवले. आईने ते चष्मा लावून पाहिले आणि फोनवर एवढेच विचारले, "यातल्या कोणत्या ठिकाणी ताजं दूध मिळतं ते लिहिलं नाहीये. आणि खलघाटाला बाळाच्या हातून नाणं टाकायला गाडी थांबवता येते का पुलावर?"

पुलावर थांबवता येत नाही, असे मी सांगितले. पूल ओलांडल्यावर खाली घाटापर्यंत रस्ता जातो का, ते आता मी पाहून ठेवणार आहे.