झोपेतल्या ठोक्याची कुळकथा

आकडी येणारं मूल ज्या घरात असतं, तिथे रात्री भांडं पडलं तरी सगळ्यांचे कान टवकारतात. झोपमोड झाली, जागरण घडलं, की झटका येण्याचा धोका वाढतो, हे आईबापांना अनुभवाने ठाऊक असतं. म्हणून अशा मुलाच्या कानाशी, ते गाढ झोपेत असताना, मुद्दाम आवाज करायचा ही कल्पना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला साफ उलटी वाटली. तिचं कूळ शोधायला लागलो ते त्या अविश्वासापोटीच.

आपल्याकडचा या आजाराचा जुना शब्द अपस्मार. 'स्मार' म्हणजे स्मृती, 'अप' म्हणजे दूर जाणं. चरकसंहितेने या व्याधीची ओळख स्मृती निघून जाण्यावरूनच करून दिली आहे. हा अर्थ लक्षात राहू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने झोपेवर लिहिताना झोप ही अपस्मारासारखीच असते, आणि पुष्कळांचा हा आजार झोपेतच सुरू होतो, असं नोंदवून ठेवलं.

झोपलेला मेंदू आवाज ऐकतो का, हे कळायला मात्र विसावं शतक यावं लागलं. माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे आजचा ईईजी, हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. वॉल स्ट्रीटवर गडगंज पैसा मिळवून विज्ञानाकडे वळलेल्या आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क इथे स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. तिथे झोपलेल्या माणसांच्या आलेखात एक गोष्ट दिसली. आवाज झाला की माणूस जागा होत नाही, पण आलेखात एक भलीमोठी लाट उसळते. १९३८ मध्ये तिला 'के-कॉम्प्लेक्स' हे नाव मिळालं. हा 'के' इंग्रजीतल्या 'नॉक'चा, दारावरच्या टकटकीचा, असं सांगतात. माझ्या मते या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे हीच टकटक.

दुसरी शाखा संगीताची. शिकागोत जॉन ह्यूजेस यांनी १९९८ मध्ये अपस्माराच्या २९ रुग्णांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा, के. ४४८, ऐकवला. २३ जणांच्या आलेखातल्या अपस्माराच्या खुणा कमी झाल्या. त्यांतले काही तर कोमात होते. म्हणजे आवडीचं गाणं ऐकून मन रमलं, एवढ्यावर हे भागत नाही. पुढचं पाऊल साउथ कॅरोलायनातल्या हार्ट्सव्हिलचं. मेंदूच्या विकारांमुळे कायम तिथेच राहणाऱ्या लोकांच्या एका निवासी केंद्रात तीन वर्षं प्रयोग चालला. पहिलं वर्ष फक्त झटके मोजले. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला रात्री, झोपेच्या वेळात, ठरावीक अंतराने तेच संगीत ऐकवलं. तिसऱ्या वर्षी संगीत बंद. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: संगीताच्या वर्षी झटके २४ टक्क्यांनी घटले, आणि बंद केल्यानंतरच्या वर्षी ती घट ३३ टक्के होती. संगीत थांबल्यावरही परिणाम का टिकला, हा प्रश्न मला या सगळ्या कथेत सर्वात जास्त छळतो.

संगीताबद्दल एक इशारा इथेच द्यायला हवा. काही थोड्या लोकांना संगीत ऐकूनच झटका येतो. मॅकडोनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्येच या प्रकाराला नाव दिलं होतं. त्यामुळे कुणी स्वतःच्या मनाने उशाशी स्पीकर ठेवू नये, औषध बंद करणं तर दूरच.

आता पुन्हा टकटकीकडे. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी एका लयीत शांत होतात आणि एकदम जाग्या होतात. सेकंदाला एकाहूनही कमी अशी ती संथ लाट असते. २०१३ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये हाँग-व्हिएत न्गो, यान बोर्न आणि सहकाऱ्यांनी संगणकाला या लाटेवर नजर ठेवायला लावली. लाट वर चढते त्या नेमक्या क्षणी कानात खरखरीचा ठोका, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा. लाटा मोठ्या झाल्या, आणि झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. हाच ठोका अवेळी दिला तर काहीच नाही. मोजमाप आवाजाच्या मोठेपणाचं नव्हतं, वेळेचं होतं.

हे सारं चाललं होतं ते स्मृतीसाठी, आणि त्यातूनच वाट फुटली अपस्माराकडे. २०१५ मध्ये याच मंडळींनी पाहिलं की ठोके देत राहिलं तरी लाटा वाढत जात नाहीत. निरोगी मेंदू थोड्याच वेळात स्वतःला आवरतो. पेशींनी प्रमाणाबाहेर एकसुरात पेटणं म्हणजेच तर झटका, तेव्हा हा लगाम त्याच्याविरुद्धच असावा, असा त्यांचा तर्क. मग ज्यांचा मेंदू असा पेटतो, त्यांच्यात ठोका काय करील? झ्युरिकच्या बालरुग्णालयातल्या गटाने २०१९ मध्ये अपस्माराच्या मुलांवर हे करता येतं का याची प्राथमिक चाचपणी प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये ट्युबिंगनचा प्रयोग आला, रोलँडिक अपस्माराच्या मुलांवर. या आजारात तोंडाचा एक कोपरा ओढला जातो, वाचा अडकते. आलेखातले टोकदार स्पाइक झोपेत कितीतरी पटींनी वाढतात. आणि बहुतेक मुलं वयात येताना त्यातून बाहेर पडतात. लाटेवर नेम धरून दिलेल्या ठोक्यांनी स्पाइक दबले. भीती होती ती नेमकी उलटी, की ठोक्याने ते भडकतील.

पण स्पाइक म्हणजे झटका नव्हे. ट्युबिंगनने आलेखावरचे स्पाइक मोजले, हार्ट्सव्हिलने महिनोन् महिने झटके. नेम धरलेला ठोका देऊन, हार्ट्सव्हिलसारखे झटके मोजणारा मोठा प्रयोग व्हायला हवा. रात्रीच्या भांड्याच्या आवाजाने दचकणाऱ्या घरांना त्याचंच उत्तर हवं आहे.