पक्वान्नांचा वास आणि अत्तराची कुपी

कामगार चळवळीतल्या माणसाने सुगंधावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. महागाई भत्ता, बोनस, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. कानात अत्तराचा फाया घालून सभेला जाण्याची आमची रीत नव्हे. परंतु पुस्तके चाळताना आम्हांला असे दिसून आले की, मालक आणि मजूर हा भेद सुगंधाच्या कुपीतही बंद करून ठेवलेला आहे. ती कुपी आज उघडून पाहावी म्हणतो.

हल्ली सीताबर्डीवर चक्कर मारली तर चॉकलेट, व्हॅनिला, साखरेचा पाक अशा वासांची सेंटे सहज मिळतात. जाणकार म्हणवणारी मंडळी नाक मुरडतात. हे सेंट की हलवायाचे दुकान, असे विचारतात. खरा सुगंध फुलांचा आणि चंदनाचा; खाद्यपदार्थांचा वास अंगाला लावणे ही पॅरिसची नवी टूम, आणि तीही पोरकट, असे त्यांचे म्हणणे. यातली 'नवी' आणि 'पोरकट' ही दोन्ही विशेषणे आम्हांला मान्य नाहीत.

मुळात नाकाला गोडी कळतच नाही. गोड, आंबट, खारट, कडू हे सारे जिभेचे ज्ञान. नुसता वेलदोडा चावून पाहावा. तो तिखट लागतो. पण लहानपणापासून तो बासुंदीत, श्रीखंडात, पुरणात भेटत आला, म्हणून त्याचा वास आपल्याला 'गोड' वाटतो. म्हणजे गोड वास ही नाकाने केलेली आठवण आहे. ज्या घरात रोज गोडधोड होते, तेथे या आठवणीला फारशी किंमत नसेल. पण ज्या घरात पुरण शिजते ते होळीला आणि पोळ्याला, तेथे जायफळाचा वास म्हणजे सण, म्हणजे कामाला सुट्टी, म्हणजे पोटभर जेवण. अशा वासाची ओढ पोरकट कशी म्हणावी?

आता नवेपणाचे पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात वीस-वीस अध्यायांचे पाच भाग आहेत आणि त्यांतला एक भाग सगळा राजाच्या उपभोगांचा. स्नान, तांबूल, अंगाला लावायची उटी, अन्न, पाणी हे सर्व एकाच भागात, एकाच पंगतीत बसवलेले आहे. राजाचे पिण्याचे पाणीसुद्धा फुलांनी आणि कापराने सुवासिक केलेले! गंधशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत चंदन-कस्तुरीबरोबर वेलदोडा, लवंग, जायफळ, केशर सुखाने नांदतात. मुदपाकखाना आणि गंधशाळा यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी भिंत घातलेली नव्हती. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणीही हे पडताळून पाहावे. वाळ्याची तीच मुळी माठात पडते, सरबतात उतरते, खिडकीच्या ताटीत भिजते आणि अत्तर होऊन कुपीत जाते. तिला खाद्य म्हणावे की सुगंध, हा प्रश्न आमच्या आजीला कधी पडला नसता.

याच 'मानसोल्लासा'त दुसरीही एक नोंद आहे, आणि आमचे लक्ष तिच्यावर अधिक खिळले. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे राजाची उटी आणि मुसळ उचलणाऱ्या बाईची ओवी ही दोन्ही एकाच पोथीत आली. ती उटी त्या बाईच्या वाट्याला आली असेल, असे मात्र मानण्याचे काही कारण दिसत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनी गंधशास्त्राच्या इतिहासावर फार मोलाचे काम केले. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे ग्रंथ ज्या हस्तलिखितात होते, त्याकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते छापले. या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे! पंडितांना मराठी टीकेची गरज नव्हती; तेव्हा संस्कृत न जाणणारा कोणी कारागीर, कोणी गांधी ती वाचत असेल, असा आमचा तर्क आहे. विद्या दरबारातून पेठेकडे चालू लागल्याची ती खूण वाटते.

पेठेत आली तरी वस्तू महागच होती. केशर, कस्तुरी गरिबाने हुंगावी ती लग्नमांडवात. ती स्वस्त झाली, किंवा तिच्यासारखे काही स्वस्त झाले, ते कारखान्यात. आपल्या गावात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७४ साली, जर्मनीत टीमान आणि हारमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी चीडवृक्षाच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलाचा गंध, म्हणजे व्हॅनिलिन, बनवून दाखवले. त्याच्याही आधी, १८६८ साली, पर्किनने कुमारिन बनवले होते. १८८९ साली पॅरिसच्या गेर्लेंने 'जिकी' नावाच्या सेंटात ही दोन्ही द्रव्ये घातली. १९२५ साली त्याच घराण्याने व्हॅनिलाच्या दाट वासाचे सेंट काढले आणि त्याला नाव दिले आपल्याकडच्या बागेचे, 'शालिमार'. १९९२ साली 'एंजल' आले. त्यात एथिल माल्टोल नावाचे द्रव्य आहे. जत्रेत मिळणाऱ्या 'म्हातारीच्या केसां'चा जो वास, तोच त्याचा वास. त्याला तोल दिला पॅचूलीने, म्हणजे आपल्या गजऱ्यातल्या पाचेच्या कुळातील वनस्पतीने. टूम पॅरिसची खरी, पण तिच्यात आपल्या ओळखीचे किती निघते पाहा!

पण शास्त्रज्ञांच्या आधी एका मुलाचे नाव घेतले पाहिजे. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर फ्रेंचांनी ती लावली. फुले येत, शेंगा धरत नसत. १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबून बसवण्याची युक्ती काढली. मळेवाले श्रीमंत झाले. १८४८ साली गुलामगिरी उठली तेव्हा त्याला स्वातंत्र्य मिळाले आणि 'अल्बियस' हे आडनाव मिळाले. पैसा मिळाला नाही. १८८० साली तो दारिद्र्यात वारला. फूल एकच दिवस उमलते, तेव्हा प्रत्येक फुलाला माणसाचा हात लागतो. मादागास्करच्या मळ्यांत आजही तेच चालते.

व्हॅनिलिनने शेतमजुराचा घास हिरावला असा आरोप करता येईल, आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु त्याच भुकटीमुळे बिस्किटाच्या पुड्यात, स्वस्त साबणात, दोन रुपयांच्या अगरबत्तीत तो वास आला. 'सेंट स्वस्त झाले म्हणून ते उथळ झाले' या तक्रारीत सुगंधाची काळजी किती आणि आपल्या शेजारच्या आसनावर कोण येऊन बसले याची काळजी किती, हे तपासून पाहावे.

मात्र गोड वास नेहमीच गरिबाचा मित्र असतो, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या विदर्भात खर्रा घोटला जातो. सुपारी, चुना आणि सुगंधी तंबाखू. त्या तंबाखूचा वास काढून घ्या, मग किती तरुण पहिल्यांदा तोंडात धरतील? २०१२ साली महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर आणि पानमसाल्यावर बंदी घातली, त्या बंदीमागची आजारपणे आम्ही चाळींतून पाहिली आहेत. सणाची आठवण विषाला चोपडून विकण्याचा हा धंदा आहे, आणि त्यावर नाक मुरडणारे जाणकार आम्हांला फारसे भेटले नाहीत.

या व्याख्यानमालेच्या दिवसांतच गोंदिया-गडचिरोलीकडे मोह फुललेला असतो. फुले रात्री गळतात. त्यांचा वास दाट, गोड, किंचित आंबूस. पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात, एकेक फूल वेचतात, अंगणात वाळवतात. त्यांतली काही भाकरीच्या पिठात जातात, काही बाजारात. वेचून परतलेल्या बाईच्या पदराला तो वास दुपारपर्यंत असतो.