बोटीवरील जनित्राचे अर्थिंग

बोट, तराफा किंवा तरंगत्या पंपावरील जनित्राचा सांगाडा, न्यूट्रल आणि उपकरणांची धातूची आवरणे तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून, बिघाड झाल्यास पुरवठा ताबडतोब तुटेल अशी केलेली व्यवस्था. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण संत चोखासागर (खडकपूर्णा), नळगंगा, येळगाव असे जलाशय आहेत, आणि गोड्या पाण्यावर अर्थिंगचा प्रश्न समुद्रापेक्षा अधिक नाजूक आहे.

शेतातल्या मोटारीमुळे अर्थिंग म्हणजे खड्डा, मीठ, कोळसा आणि जीआय पाइप असे समीकरण पक्के झाले आहे. मोटारीसाठी ते बरोबरही आहे, कारण डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. वीज जमिनीत मुरत नाही. जिथून निघते तिथेच परतते. बोटीवर तिचा उगम जनित्रात, म्हणजे बोटीतच असतो. अनेक लहान जनित्रांचा न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो. एकाच उपकरणापुरते ते चालून जाते. मात्र अनेक उपकरणे लावली, की पहिला बिघाड मुकाट राहतो आणि दुसऱ्या तारेवर दुसरा बिघाड झाला की दोन उपकरणांना एकाच वेळी हात लावणारा सापडतो. अशा वेळी पाण्यात नुसती अर्थिंगची पट्टी सोडून भागत नाही, विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबीही पडत नाही. गंमत म्हणजे तिचे टेस्ट बटण दाबले तर ती पडते, कारण ते बटण फेज-न्यूट्रलवरच चालते, अर्थिंग तपासत नाही.

म्हणून न्यूट्रल आणि सांगाडा एकाच ठिकाणी, जनित्रापाशी, आरसीसीबीच्या आधी जोडतात. पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावतात. परतीच्या वाटेसाठी पाण्यावर विसंबता येत नाही. पट्टीचा रोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जेमतेम ४.६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी जागची हलणार नाही.

समुद्राचे पाणी शरीरापेक्षा उत्तम वाहक असल्याने गळणारी वीज बरीचशी माणसाला वळसा घालून जाते. धरणाचे पाणी तसे नसते. तिथे शरीरच सोपी वाट ठरते. सुमारे १० मिलिअँपिअरला स्नायू आखडू लागतात, आणि पोहणारा बुडतो. शवावर भाजल्याची खूणही बहुधा नसते.

काठावरून वीज घेताना बोटीवरचे न्यूट्रल-सांगाडा बंधन तोडावे लागते, नाहीतर परतीचा प्रवाह अर्थच्या तारेतून आणि बोटीच्या धातूतूनही वाहतो. फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच हे काम करतो. काठावरचे अर्थिंग उन्हाळ्यात मोजावे : काळी कापसाची जमीन तडकली की मातीची पकड सुटते आणि पावसाळ्यातला चांगला आकडा एप्रिल-मेमध्ये फसवा ठरतो. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात उलट घडते; रोध कमी, पण पाइप लवकर गंजतो. मोजणी व जोडणीसाठी भारतीय मानक ३०४३ वापरतात.

अर्थिंग ठीक असले तरी बंदिस्त जागेत जनित्र चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. पाण्यातल्या माणसाला करंट लागल्याची शंका आल्यास आधी जनित्र बंद करतात, काठावरची वायर काढतात, मग दोर किंवा कोरडी काठी टाकतात; उडी मारणारा स्वतःच दुसरा बळी ठरू शकतो.