वारसा प्रमाणपत्र
मृत व्यक्तीचा वारस अथवा तिच्या मालमत्तेचा व्यवस्थापक कोण, हे दर्शविणारा दिवाणी न्यायालयाचा दाखला. मुंबई इलाख्यात त्याचा उगम एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत सिद्ध झालेल्या विनियमसंहितेतील १८२७ च्या आठव्या विनियमात आढळतो. दाखल्याची तरतूद करणाऱ्या या विनियमाचे पहिले कलम मात्र दाखल्याची सक्ती करीत नाही. वारसाने कायद्यानुसार वा रूढीनुसार मालमत्तेचा कारभार हाती घ्यावा, तिच्या वसुलीसाठी दावाही लावावा. त्यासाठी न्यायालयाकडे आगाऊ अर्ज करण्याची आवश्यकता नाही, असे ते सांगते. एकत्र कुटुंबाच्या व गोतसभेच्या प्रदेशात हे धोरण व्यवहार्यच होते.

अडचण येई ती बाहेरच्यांची. मृताचे देणे असलेल्या ऋणकोस, त्याची ठेव बाळगणाऱ्या सावकारास, पैसा कोणाच्या हाती द्यावा हे कळत नसे. त्यांच्या निर्धास्तपणासाठी दाखल्याची ऐच्छिक सोय ठेवण्यात आली. अर्ज येताच न्यायाधीशाने जाहीरनामा काढून हरकतींसाठी एक महिन्याची मुदत द्यावयाची व हक्क शाबीत झाल्यास दाखला द्यावयाचा. या दाखल्याने मालकी निर्माण होत नाही. तूर्त कायदेशीर व्यवस्था कोणाकडे आहे, एवढेच तो दर्शवितो.

मुंबई शहरातील स्थिती वेगळी होती. तेथील हिंदूंच्या मृत्युपत्रांस १८७० च्या कायद्याने प्रोबेटची सक्ती आली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ मध्ये ती कायम राहिली व २०२५ मध्ये ते कलम वगळण्यात आले. कर्जे व रोखे यांच्या वसुलीसाठी १८८९ पासून स्वतंत्र उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळू लागले.

शेतजमिनीचा वारसा बहुधा न्यायालयापर्यंत जातच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) वारसाने तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावी, असा नियम आहे. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, हितसंबंधितांस नोटिसा जातात आणि फेरफार मंजूर होतो. ही पद्धत स्वस्त आहे. परंतु तिचा भार कुटुंबाच्या प्रामाणिकपणावर पडतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव लावण्याची वहिवाट जुनी आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलींना वारसांच्या पहिल्या वर्गात घेतल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रे घेतली जाऊ लागली. दस्त रीतसर नोंदविला जातो. सही करणारीस आपल्या हिश्श्याचे मोल ठाऊक होते किंवा कसे, हे विचारणारा मात्र या वाटेवर कोणी नसतो.