पावसाळा, पागा आणि पितळेला गेलेले तडे

आजची गोष्ट बंदुकीची नाही, बंदुकीतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याची आहे. गोळी सुटते, दारू जळून जाते, आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. बातम्यांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो ना, तीच. काडतुसातला सगळ्यात महागडा भाग हाच, आणि तोच शाबूत राहतो. म्हणून गेली जवळपास दीडशे वर्षं लोक या पुंगळ्या गोळा करतात, धुतात, वाळवतात आणि पुन्हा भरतात.

सुरुवात १८६६ च्या सुमाराची. इंग्लंडमध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन, दोघांनी पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या प्राइमरची आपापली रचना काढली. प्राइमर म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी. बॉक्सरच्या पुंगळीला मध्यभागी एकच भोक, त्यामुळे आतून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीला साधारणपणे दोन बारीक भोकं, ती काढताना नाकी नऊ. आणि गंमत बघा, इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात! अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या परत भरायचा छंद वाढला, त्यामागे हे एक साधं भोकही आहे.

तेव्हाची दारू काळी. ती जळली की आत काजळी आणि क्षार राहतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पुंगळी तशीच ठेवली तर पितळ आतून खाल्लं जाणार. म्हणून लगेच साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळवायची. वाळवणं नुसत्या दिसण्यासाठी नव्हतं. आत ओल राहिली तर नवी दारू दमट होते आणि ऐन वेळी गोळी सुटतच नाही.

आता येऊ आपल्याकडे. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक विचित्र त्रास होता. पेटीतली न उडवलेली, कोरी काडतुसं काढावीत, तर पुंगळीला तडा! तोही बहुतेक मानेजवळ, जिथे पितळ गोळीला आवळून धरतं. हे व्हायचं मुख्यतः पावसाळ्यात. म्हणून इंग्रजीत त्याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. सीझन म्हणजे कुठला? आपला मान्सून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच गंमत वाटली. धातुशास्त्राच्या पुस्तकातल्या एका शब्दात आपला पावसाळा जाऊन बसलाय.

कारण समजायला पुण्याच्या तांबट आळीत जाऊया. तांबट भांडं ठोकतो. ठोकून ठोकून धातू कडक होतो, मग तो भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकतो. तापवलं नाही तर धातू फाटतो. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती दाबून, ओढत ओढत लांब नळी करतात, मधेमधे तापवतात. पण शेवटच्या ओढीनंतर आणि मान आवळल्यावर जो ताण धातूत अडकतो, तो तसाच राहायचा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पुंगळी आतल्या आत ताणलेली असते.

आणि पावसाच्या दिवसांत मोहिमा थंडावल्या की ही काडतुसं ठेवली जात पागेत! पागेत काय असतं? घोड्यांचं मूत. त्यातून सुटतो अमोनिया. दमट हवेतला अमोनिया तांब्याला विरघळवतो, आणि ताणलेल्या जागी आधी शिरतो. बाहेरून कुणी बोटही लावलेलं नसतं आणि चीर पडत जाते. नुसता ताण असता तर तडा गेला नसता, नुसता अमोनिया असता तर वरवर डाग पडले असते. दोन्ही एकत्र आले म्हणून घात झाला. तडकलेलं काडतूस म्हणजे सुटणारा वायू मागे येणं, पुंगळी बंदुकीत अडकणं. समोर शत्रू असताना!

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी याचा खुलासा छापला. उपाय तांबटाला नवा वाटला नसता. तयार पुंगळी हलकेच तापवायची, इतकीच की आतला ताण जाईल पण कडकपणा राहील.

पाऱ्याचीही अशीच कथा आहे. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं संयुग असे. काळ्या दारूच्या काजळीत पारा अडकून धुऊन जायचा. धूरविरहित दारू आली, काजळी संपली, आणि पारा थेट पितळेत मुरायला लागला. पुंगळी दिसायला चकचकीत, पण ठिसूळ. ही कितीही धुवा, काही उपयोग नाही. अमेरिकन लष्कराने १८९८ मध्ये पाऱ्याशिवायची टोपी आणली. तिच्यामुळे पुंगळ्या वाचल्या, पण तिच्या क्षारांनी बंदुकीच्या नळ्या गंजू लागल्या. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

आज परदेशातले नेमबाज पुंगळ्या अक्रोडाच्या कवचाच्या भुश्यात नाहीतर मक्याच्या कणसाच्या भुश्यात घोळवतात. काहीजण पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक सुया घालून पिंप फिरवतात. थोडं सायट्रिक ॲसिडही घालतात, म्हणजे आपल्या आजीचं लिंबूच की. पण जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं. मग स्वच्छ पाणी, आणि उन्हात किंवा मंद आचेवर वाळवण, अगदी आतल्या भोकापर्यंत.

एक गोष्ट मात्र जाणकार नेमबाज हमखास बजावतात. घरातली भांडी चमकवणारं अमोनियाचं पॉलिश पुंगळीला लावू नका. कारण विचारलं तर बरेचजण फक्त 'पितळ तडकतं' एवढंच सांगतात. पागेतली ती काडतुसं किती जणांना आठवत असतील, कोण जाणे.