गंभीर खटल्यातील मोफत वकील : मेहेरबानी नव्हे, हक्क

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे व तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबातील एखाद्यावर खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो वकिलाच्या फीचा. कधी जमिनीचा तुकडा गहाण पडतो, कधी डोक्यावरील उचल वाढते, तर कधी वकिलाविनाच तारखा पडत राहतात. वस्तुतः ज्या आरोपीची वकील देण्याची ऐपत नाही, त्याला सरकारी खर्चाने वकील देणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. हा हक्क कोठून आला, कोणाला मिळतो आणि कोणत्या टप्प्यावर मागायचा, याची ही माहिती.

हक्काचा उगम

गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्याचा विचार राज्याला नवा नाही. तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली होती. त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात या हक्काला आकार दिला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. मात्र ज्याच्या खिशात फी नाही, त्याच्या दृष्टीने हा हक्क कागदावरच राहत होता. ही उणीव दूर करण्यासाठी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट करण्यात आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी शासनाने मोफत विधी साहाय्याची व्यवस्था करावी, असे हा अनुच्छेद सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याची सांगड अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी घातली आणि तेथून चित्र पालटले.

महाराष्ट्रातील खटल्यांचा वाटा

या वाटचालीतील काही महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील प्रकरणांतून आले आहेत. १९७८ मधील होसकोट प्रकरणात बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या आरोपावरून उच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. निकालाची प्रत त्याच्या हाती वेळेवर पडलीच नाही आणि शिक्षा भोगून झाल्यावर, चार वर्षांहून अधिक विलंबाने, तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्याचे अपील फेटाळले गेले. परंतु न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यानिमित्ताने नियम घालून दिला. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे आणि वकील देण्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट केले.

१९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील पोलीस कोठडीत महिला कैद्यांना होणाऱ्या मारहाणीबाबत पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, हा निर्देश त्या निकालातील आहे.

दरम्यान हुस्नआरा खातून प्रकरणात (१९७९) बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची स्थिती उघड झाली. भागलपूर येथील खत्री प्रकरणात (१९८१) पैशाची अडचण ही सरकारची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. सुखदास प्रकरणात (१९८६) तर आरोपीने वकील मागितला नव्हता. तरीही त्याला या हक्काची कल्पना न देता चाललेला खटला न्यायालयाने दूषित ठरवून शिक्षा रद्द केली. ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कसा, हा त्यामागील साधा विचार होता.

मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील अजमल कसाब याच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. त्याच निकालात देशातील सर्व दंडाधिकाऱ्यांना आदेश देण्यात आला. आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून द्यावी; हे न करणे कर्तव्यातील कसूर ठरून विभागीय कारवाईस पात्र होईल, असे न्यायालयाने म्हटले.

मोफत साहाय्य कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला व बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी व्यापाराचे बळी, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तींचे बळी आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता साहाय्य मिळते. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

बीडच्या संदर्भात या यादीतील बारकावे महत्त्वाचे ठरतात. फासेपारधी समाज अनुसूचित जमातीत मोडत असल्याने तो थेट पात्र आहे. बंजारा, वंजारी किंवा वडार कुटुंबातील पुरुष मात्र राज्याच्या विमुक्त-भटक्यांच्या यादीत असूनही केवळ जातीच्या आधारावर पात्र ठरत नाही. तो कोठडीत असेल तर त्या कारणाने, जामिनावर सुटला असेल तर उत्पन्नाच्या आधारावर पात्र ठरतो. त्याच घरातील महिला आरोपी असो वा फिर्यादी, तिला उत्पन्नाची अट नाही.

फौजदारी खटल्यासाठी याखेरीज स्वतंत्र तरतूद आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ नुसार सत्र खटल्यात ऐपत नसलेल्या आरोपीला वकील देणे बंधनकारक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ ने ही व्याप्ती वाढवली असून, सत्र न्यायालयापुरती मर्यादा न ठेवता खटला व अपील या दोहोंचा त्यात समावेश केला आहे.

कोणत्या टप्प्यावर?

वकिलाची खरी गरज साक्षीपुराव्याच्या कितीतरी आधी सुरू होते. अटकेनंतर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाते, तेथूनच हा हक्क लागू होतो. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि अन्य गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठी दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. वकील नसलेल्याची ही संधी नकळत निघून जाते.

शिक्षेनंतरचा टप्पाही तितकाच नाजूक असतो. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलासाठी ६० दिवसांची आणि फाशीच्या शिक्षेसाठी ३० दिवसांची मुदत असते. बीडच्या खटल्यांतील अपिले छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे जातात. तेथील विधी सेवा उपसमितीकडे तुरुंगातूनही अर्ज पाठवता येतो.

नावापुरता वकील नको

वकील नेमला म्हणजे कर्तव्य संपले, असे न्यायालयांनी मानलेले नाही. मध्य प्रदेशातील अनोखीलाल प्रकरणात वकिलाची नियुक्ती आणि आरोपनिश्चिती एकाच दिवशी झाली होती आणि खटला अवघ्या काही दिवसांत संपून फाशी सुनावण्यात आली. १८ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. जन्मठेप वा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाचाच न्यायमित्र म्हणून विचार व्हावा, त्याला तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस मिळावेत आणि आरोपीला भेटण्याची मुभा असावी, हे दंडक त्या निकालाने घालून दिले.

बचाव दुबळा राहिल्यास काय होऊ शकते, हे नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या हत्याकांडाच्या खटल्याकडे पाहिले की लक्षात येते. भटक्या समाजातील सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठोठावली. पुढे तो निकाल मागे घेण्यात आला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त करून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. अशा नोंदी हुडकून उलटतपासणीत पुढे आणणे हेच बचावाच्या वकिलाचे काम असते.

लोकक्षोभ आणि वकीलपत्र

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या हत्येनंतर जिल्ह्यासह राज्यभर संताप उसळला. अशा वेळी आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, अशी भावना व्यक्त होणे स्वाभाविक असले, तरी कायदा तिला मान्यता देत नाही. वकील संघाने तसा ठराव करणे घटनाविरोधी आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी प्रकरणात २०१० मध्ये दिला आहे. यात पीडितांचेही हित आहे. बचावाची पुरेशी संधी देऊन झालेली शिक्षाच अपिलात टिकते. अन्यथा फेरसुनावणीची वेळ येऊन साक्षीदारांना पुन्हा त्याच यातनांतून जावे लागते. सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी पीडित कुटुंबालाही न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. ते कलम १२ मध्ये बसत असल्यास त्यासाठीही विधी साहाय्य मागता येते.

अर्ज कोठे करावा?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असून, दैनंदिन काम सचिव पाहतात. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो. उत्पन्नाबाबत सर्वसाधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाते. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज करता येतो किंवा तारखेला न्यायाधीशांना तोंडी सांगता येते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितल्यास किंवा तो तारखांना हजर राहत नसल्यास सचिवांकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या आरोपींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघून जामीन रद्द होऊ शकतो. गाव सोडण्यापूर्वी कारखान्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक वकिलाकडे दिल्यास हजेरीतून सूट मिळण्याचा अर्ज वेळेत करता येतो. हंगाम संपवून परतलेल्या मजुरावर थेट तुरुंगात जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी एवढी दक्षता पुरेशी ठरू शकते.