चौदा डब्यांचं बिऱ्हाड

फिल्म लूप म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावंच लागेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्निकलर कंपनीने शाळांसाठी एक छोटा प्रोजेक्टर काढला. त्यात फिल्म ओवायची, गुंडाळायची कटकट नव्हती. प्लास्टिकची एक डबी, म्हणजे कार्ट्रिज, यंत्रात सरकवली की तीन-चार मिनिटांचं मुकं चित्र सुरू. आतल्या आठ मिलिमीटर फिल्मची दोन्ही टोकं जोडलेली, त्यामुळे संपली की पुन्हा पहिल्यापासून. पाण्यावर तरंग कसे पसरतात, अमिबा कसा दुभंगतो, एका डबीत एकच गोष्ट. १९६५ साली कोडॅकने सुपर ८ आणलं, मग त्या मापाच्या वेगळ्या डब्या निघाल्या. त्या जुन्या यंत्रात बसेनात. पुढे व्हिडिओ आला आणि दोन्ही प्रकार अडगळीत गेले.

पेडण्याच्या एका बाईंकडे अशा चौदा डब्या आहेत. त्यांचे दीर आफ्रिकेत शिक्षक होते, परत येताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घेऊन आले. यंत्र तिकडेच राहिलं. आता घराची वाटणी व्हायची आहे. बाई म्हणाल्या, "भावंडांना याचं काय? भंगारात जाईल. तुम्ही इतिहासाचं लिहिता ना, मग यांना घर बघा." मुलीला स्थळ बघा म्हणावं तसं!

तेरा डब्यांवर छापील लेबलं आहेत, विज्ञानाचे धडे. त्यांच्या प्रती जगात आणखी कुठेतरी असणार. चौदाव्या डबीवर मात्र शाईने लिहिलंय, 'पुनव, पेडणें'. हौशी माणसाला स्वतः घेतलेलं चित्रण अशा डबीत भरून मिळायचं. म्हणजे भगवतीच्या देवळासमोरची कोजागिरीची ती गर्दी आत असू शकेल. साल नाही. यंत्राविना बघताही येत नाही.

डबी उघडताना वास आला, आंबट. आमच्या घरात व्हिनेगर वर्ज्य, पण गोव्यात राहून तो वास कोणाला कळत नाही? अॅसिटेटची फिल्म सडू लागली की व्हिनेगरचाच वास सुटतो, आणि दमट हवेत सडणं वाढत जातं. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल. शिवाय फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे हाडा-चामड्याचा. बुरशीला ते आयतं जेवण. हे कळल्यावर माझा हात क्षणभर थबकला, खोटं का बोलू? पण फेकून देण्याने कुठला जीव परत येणार होता?

फेकण्याचे परिणाम आपल्याकडे पुष्कळ झालेत. चांदी काढून घेण्यासाठी जुन्या फिल्म धुतल्या, वितळवल्या. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज उरलेला नाही. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. त्या कष्टातलंही थोडंच वाचलं. त्यांची मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली होती. तो आपण आज पाहू शकतो, कारण कोणीतरी तो शोधून जपला.

नुसतं जपून मात्र भागत नाही. धवलेचं उदाहरण घ्या. ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं सांभाळलेली, पण वाचणार कोण? १८९६ साली नकलेचं काम सुरू झालं, आणि नक्कल बाहेर न्यायला बंदी. गजपती उपाध्ये आणि त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप कानडी प्रत उतरवली. १९३९ मध्ये पहिला छापील खंड निघाला तो अमरावतीहून. लक्ष्मीबाईंचं नाव श्रुतपंचमीला किती ठिकाणी घेतलं जातं, तुम्हीच सांगा.

आमच्या डबीलाही नक्कलच हवी. गोव्याचं अभिलेखागार १५९५चं, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं. कागदासाठी ही जुनी घरं आहेतच. फिल्मला मात्र थंड, कोरडी कोठी लागते. तसं काम पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं (स्थापना १९६४), आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचं. स्कॅन करायचं तर डबी फोडून फिल्म बाहेर काढावी लागेल, जोड सोडवून चक्रीवर गुंडाळावी लागेल. मग ती लूप राहणार नाही, पण दिसेल. बाकीच्या तेरांतली एखादी तरी न फोडता ठेवावी, म्हणजे ही वस्तू कशी होती ते कळेल. लेबलं, खोकी, सोबतचे कागद अजिबात टाकायचे नाहीत.

बाईंना हे सगळं सांगितलं. चौदावी फोडायला त्या तयार झाल्या, पण अट घातली: मूळ डबी पुण्याला जावो की मुंबईला, एक प्रत पेडण्यात आली पाहिजे. कोणाकोणाला बघायला बोलवायचं, त्याची यादीही केली आहे. त्यात वाटणीवरून अबोला धरलेली जाऊही आहे. "ती गर्दीत असेल," म्हणाल्या, "तेव्हा नवी नवरी होती."